स्नॅपड्रॅगन ८४५ च्या जुन्या फोनवर मेनलाइन कर्नल : स्लिमबसची यादी रिकामी, साउंड कार्ड दिसत नाही

कोरडवाहू (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. काच फुटलेल्या, पण बाकी सुस्थितीत असलेल्या स्नॅपड्रॅगन ८४५ च्या एका फोनवर मी पोस्टमार्केटओएस (मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ कर्नलवर चालणारी, फोनसाठीची प्रणाली) बसवले आहे. आमच्या शिवारात रोही (नीलगायी) आणि रानडुकरे हरभऱ्याची नासाडी करतात आणि रोज जागलीला जाणे घरच्यांना झेपत नाही. म्हणून रात्रभर अधूनमधून कुत्र्यांचे भुंकणे आणि माणसांच्या हाका वाजवण्यासाठी हा फोन वापरण्याचा विचार आहे. यूएसबी चालते, परंतु अल्सामध्ये (लिनक्सच्या आवाज-यंत्रणेत) एकही साउंड कार्ड दिसत नाही. कोडेकचा (डिजिटल माहितीचा आवाज करणाऱ्या चिपचा) आणि स्लिमबस (ती चिप जिच्यावर जोडलेली असते ती बस) नियंत्रकाचा, असे दोन्ही ड्रायव्हर लोड झालेले आहेत, तरी सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती जिथे दाखवतो तिथे) स्लिमबसवरील उपकरणांची यादी रिकामीच आहे. कोडेकची चिपच निकामी झाली असेल का?

तांब्याची तार

चिपवर इतक्यात संशय घेऊ नका. स्लिमबस ही मिपी संघटनेने ठरवलेली दोन तारांची बस, म्हणजे चिपांमधील माहितीचा रस्ता, आहे : एक तार क्लॉकची, दुसरी डेटाची, आणि त्याच दोन तारांवर अनेक उपकरणे वेळ वाटून घेतात. प्रत्येक उपकरणाला सहा बाइटचा कायमचा पत्ता असतो, ज्यात उत्पादकाचा क्रमांक आणि उत्पादनाचा संकेतांक येतो. उपकरण जागे झाल्यावर आपली हजेरी देते आणि मग बसचा व्यवस्थापक त्याला एका बाइटचा कामचलाऊ पत्ता देतो. लिनक्समध्ये या बसची मूळ चौकट ४.१६ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये आली.

तुमच्या चिपसेटमध्ये मात्र हा व्यवस्थापक लिनक्स नाहीच. तो एडीएसपी या ऑडिओच्या स्वतंत्र प्रोसेसरवर चालतो, आणि लिनक्सकडील एनजीडी हा स्लिमबस नियंत्रकाचा ड्रायव्हर केवळ त्याच्याशी बोलतो. एडीएसपीवरील सेवा हजर झाल्यावर एनजीडी क्यूएमआय (क्वालकॉमच्या प्रोसेसरांनी आपसात बोलण्याची पद्धत) संदेशाने बस चालू करण्याची विनंती करतो, आणि त्यानंतरच नियंत्रकाची नोंदणी होऊन उपकरणे यादीत येतात. त्यामुळे यादी रिकामी असणे हे कोडेक मेल्याचे लक्षण नसून एडीएसपी उठला नसल्याचे लक्षण असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे.

आधी रिमोटप्रॉकमध्ये (असे स्वतंत्र प्रोसेसर सांभाळणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेत) एडीएसपीची अवस्था पाहा. ती 'रनिंग' नसेल तर फर्मवेअर (एडीएसपीवर चालणारे सॉफ्टवेअर) तपासा. ते याच मॉडेलच्या फोनमधून घेतलेले हवे, कारण त्यावरील स्वाक्षरी तपासली जाते आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनचे फर्मवेअर सहसा नाकारले जाते. अवस्था ठीक असेल तर पीडी-मॅपर ही सेवा चालू आहे का, ते पाहा. ऑडिओचा भाग एडीएसपीमधील कोणत्या संरक्षित क्षेत्रात (वेगळ्या ठेवलेल्या विभागात) आहे हे तीच सांगते, आणि ती नसेल तर पुढचे सर्व ड्रायव्हर निमूटपणे वाट पाहत राहतात.

संत्राबाग (वरुड)

एवढा खटाटोप कशासाठी? ओटीजीच्या वायरीला यूएसबी साउंड कार्ड लावा, स्लिमबसचा संबंधच उरणार नाही. उपक्रम मात्र चांगला आहे. कुंपणाच्या तारेत करंट सोडून माणसे मारण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

तांब्याची तार

यूएसबी कार्डाने आवाज निश्चित येईल. परंतु शेतात फोनचे एकमेव पोर्ट चार्जिंगला लागते, आणि एकाच वेळी होस्ट होणे (जोडलेले उपकरण चालवणे) व चार्ज होणे हे मेनलाइनवर प्रत्येक फोनला जमतेच असे नाही. सौर पॅनेलवर रात्रंदिवस चालवायचे असेल तर मी अंतर्गत कोडेकच निवडेन.

कोरडवाहू

एडीएसपी 'रनिंग' होता, पण पीडी-मॅपर चालू नव्हता. तो सुरू करून फोन पुन्हा चालू केल्यावर यादीत २१७ आणि २५० हे आकडे असलेली दोन उपकरणे आली आणि साउंड कार्डही दिसू लागले. आवाज मात्र अजून येत नाही.

तांब्याची तार

ते आकडे षोडशमान पद्धतीतले आहेत : २१७ म्हणजे क्वालकॉम आणि २५० म्हणजे तुमचा कोडेक. दोन नोंदींपैकी एक कोडेकची, दुसरी त्याच्याच इंटरफेस उपकरणाची. म्हणजे बस व्यवस्थित आहे. आता अल्साच्या यूसीएम फाइली (कोणत्या वापरासाठी आवाज कुठून न्यायचा ते सांगणाऱ्या) बसवा, कारण त्यांच्याविना मिक्सरमधील मार्ग बंदच राहतात. फोनच्या स्पीकरच्या मागे लागू नका; अनेक मॉडेलांत त्याचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळ्या मार्गाने जोडलेला असतो. इअरफोनच्या जॅकमधून निघणारा आवाज थेट या कोडेकमधून येतो. जॅक असेल तर तिथूनच १२ व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि पुढे भोंग्याला वायर न्या.