वारसाने आलेली १९६८ची जीप: पेट्रोल इंजिन राखावे की डिझेल बसवावे?

जांबोटी_रोड यांचा प्रश्न:

आमच्या आजोबांची महिंद्राची उंच बॉनेटची जीप, म्हणजे सीजे-३बी, जांबोटीजवळच्या शेतघराच्या पडवीत बरीच वर्षे उभी आहे. पहिली नोंदणी १९६८ची, बेळगावातली असून म्हैसूर राज्याच्या काळातला ‘एमवाय’ने सुरू होणारा क्रमांक आजही तिच्यावर आहे. नोंदणीपुस्तक हाती आहे, पण त्यावर अद्याप आजोबांचेच नाव आहे आणि नूतनीकरणाची मुदत केव्हाच टळली आहे. इंजिन मूळ पेट्रोलचेच आहे. हॅन्डल लावून पाहिले, ते जराही फिरत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून पोखरला आहे, चासी वरवर तरी सरळ दिसते, आणि टाकीत जुन्या पेट्रोलचा कुबट वास येतो.

चंदगडला राहणारे धाकटे काका म्हणतात की हे इंजिन काढून टाकावे, जुने डिझेल इंजिन बसवावे आणि गाडी त्यांच्याकडे महाराष्ट्रात नोंदवावी. मला मूळ इंजिन राखावेसे वाटते, परंतु केवळ भावनेपोटी पैसा ओतण्याची आमची ऐपत नाही. वापर म्हणाल तर शेतावरची ये-जा आणि अधूनमधून खानापूरचा बाजार, एवढाच. काम कोठून सुरू करावे आणि कागदपत्रांचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उद्यमबाग_लेथ यांचे उत्तर:

जे इंजिन अजून कोणी उघडून पाहिलेले नाही ते निकामी आहे असे धरून दुसरे विकत घेणे, हा या कामातला सर्वांत महागडा व्यवहार ठरतो, म्हणून काकांना थोडे थांबायला सांगावे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरमध्ये ओल शिरून पिस्टनवरच्या रिंगा चिकटल्यामुळे अडकलेले असते. बॅटरी जोडून सेल्फ मारू नका, आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, कारण त्या एका झटक्यात रिंगा आणि पिस्टन दोन्ही तुटू शकतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून डिझेल व पातळ इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतावे, काही दिवस मुरू द्यावे, आणि मग गाडी टॉप गिअरमध्ये ठेवून दोघांनी हलक्या हाताने पुढेमागे हेलकावून पाहावी. इंजिन सुटले तरी लगेच चालू करू नये. ओतलेले मिश्रण खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलपात्रात, उतरलेले असते, म्हणून आधी सगळे ऑइल काढून नवे भरावे लागते.

न सुटल्यास हेड उतरवावे लागेल, आणि येथे मिस्त्री निवडताना सावध राहा. हे ‘हरिकेन’ या नावाने ओळखले जाणारे २,१९९ सीसीचे इंजिन असून त्याची रचना इतर गाड्यांपेक्षा वेगळी आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या बाजूला आहेत. त्यामुळेच इंजिनाची उंची वाढली, आणि १९५३ साली अमेरिकेत ही जीप आली तेव्हा बॉनेट उंच करावे लागले. हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवेच्या मार्गात दडलेला असतो आणि कार्ब्युरेटर काढल्याशिवाय तो दिसत नाही. ज्याने हे इंजिन कधी खोललेले नाही तो बाकीचे सगळे बोल्ट काढतो, हेड निघेना म्हणून पटाशी घालून उचकटतो, आणि सरळ असलेले हेड कायमचे बाद करतो. मिस्त्रीला आधी हाच प्रश्न विचारावा. त्याला तो बोल्ट ठाऊक असेल तर गाडी निश्चिंतपणे त्याच्या हाती द्यावी.

बोअर करणे, क्रँक ग्राइंड करणे, व्हॉल्व्हच्या सीट घासणे ही कामे बेळगावच्या उद्यमबाग परिसरात उत्तम होतात. त्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याचे कारण नाही. जुळणी करताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, थंड इंजिनावर फट मोजून लावावेत. या इंजिनाला इनटेकसाठी ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टसाठी ०.०१६ इंच फट लागते, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच आणि प्लगची ०.०३० इंच ठेवावी. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे.

इंजिन फिरले म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची, असा उत्साह मात्र आवरावा. माझ्या मते इंजिनाआधी ब्रेक. या जीपला पुढचे-मागचे ब्रेक मिळून हायड्रॉलिकची एकच नळी-रचना आहे, त्यामुळे एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या एकदाच बदलून घ्याव्यात, यात काटकसर करू नये. मागचे ड्रम निमुळत्या ॲक्सलवर चावीने घट्ट बसलेले असतात. ते हातोड्याने ठोकून निघत नाहीत, उलट ठोकल्याने बेअरिंगला मार बसतो, म्हणून चांगला पुलर, म्हणजे ड्रम ओढून काढण्याचे हत्यार, मागून आणावा.

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. ती बाहेर काढून आतला गंज साफ करून घ्यावा, आणि वेल्डिंग करणाऱ्याकडे नेण्याआधी ती पाण्याने पूर्ण भरून आतली वाफ बाहेर घालवल्याची खात्री करावी, कारण रिकाम्या वाटणाऱ्या पेट्रोल टाकीचा स्फोट भरलेल्या टाकीपेक्षा सहज होतो. रंगकामाचा विचार सर्वांत शेवटी करावा. लोक नेमके उलटे करतात आणि चकचकीत जीप ब्रेकवाचून दारात उभी राहते.

चिकोडी_कागदपत्रे यांचे उत्तर:

यंत्राविषयी वरचे उत्तर पुरेसे आहे, मी केवळ कागदांचे सांगतो. मालकाच्या निधनानंतर वारसाने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वाहन आपल्या नावावर करून घ्यावे, असा नियम आहे. ती मुदत टळली असली तरी हस्तांतर अडत नाही, दंड भरावा लागतो. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (कर्नाटकातले स्थानिक महसूल कार्यालय) मिळणारा वंशवृक्षाचा दाखला आणि इतर वारसांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आपल्या सीमाभागात खरी अडचण येते ती नावांची: नोंदणीपुस्तकात आजोबांचे नाव इंग्रजीत एका प्रकारे, शाळेच्या मराठी दाखल्यात दुसऱ्या प्रकारे आणि कन्नड शिधापत्रिकेत तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र पहिल्या फेरीतच सोबत नेल्यास बरेच हेलपाटे वाचतात.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, प्रमाणपत्र दहा वर्षे चालते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. १९६८ची जीप वयाच्या अटीत बसते. परंतु अशी गाडी नेहमीच्या वाहतुकीसाठी रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती बाहेर काढायची असते. तुम्हाला शेतावर आणि बाजारात जायचे आहे, म्हणून माझा सल्ला असा की व्हिंटेजच्या मोहात न पडता साधे नूतनीकरणच करावे. ते नमुना २५ भरून पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासोबत जुन्या गाड्यांवरचा ग्रीन टॅक्स भरावा लागतो. गाडी मात्र तपासणीला प्रत्यक्ष उभी करावी लागते, म्हणजे ब्रेक, दिवे आणि चासीवरचा क्रमांक या गोष्टी आधी नीट हव्यात. चासी क्रमांकावरचा गंज घासताना ग्राइंडर वापरू नये. अंक पुसट झाले तर पुढे कोणीही तुमचे ऐकणार नाही.

काकांच्या दोन्ही सूचना कागदांच्या दृष्टीने जड आहेत. इंजिन बदलायचे तर नोंदणी कार्यालयाची परवानगी घेऊन पुस्तकात तशी नोंद करावी लागते, आणि व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असणे आवश्यक असल्याने तो मार्गही पुढे बंद होतो. महाराष्ट्रात न्यायची तर केए-२२, म्हणजे बेळगावच्या, नोंदणी कार्यालयातून नमुना २८वर ना-हरकत घ्या, तिकडे पुन्हा कर भरा आणि एमएच-०९चा, म्हणजे कोल्हापूरचा, नवा क्रमांक घ्या. ‘एमवाय’ क्रमांक त्यात जाईल.

निपाणी_डिझेल यांचे उत्तर:

मी काकांच्या बाजूने बोलतो, कारण येथे सर्वजण मूळपणाचे कौतुक करताना खर्चाचा हिशेब सोडून देत आहेत. आमच्याकडच्या जीपमध्ये पूर्वीच डिझेल इंजिन बसवलेले आहे. तंबाखूच्या शेतात ओझे ओढायला तिला कमी फेऱ्यांवर जो जोर मिळतो तो पेट्रोलला मिळत नाही, आणि इंधनाचा खर्चही कमी येतो. महिंद्राने स्वतःच पुढे डिझेल जीप काढल्या, एमएम-५४०मध्ये तर प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन दिले. जे कंपनीने केले ते आपण केल्यास पाप कसले? शिवाय आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. १९६८च्या रबराला आणि पंपाच्या पडद्याला ते कसे मानवेल, याचे उत्तर पेट्रोलवाल्यांनी द्यावे.

उद्यमबाग_लेथ:

इथेनॉलचा मुद्दा बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. जुने रबर त्यात फुगते व विरते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेत असल्याने पेट्रोल टाकीत महिनोन्महिने पडून राहिले तर तळाशी पाणी साठून टाकी आतून गंजते. उपाय मात्र स्वस्त आहे. इंधनाच्या सर्व रबरी नळ्या आणि यांत्रिक पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्यावा, पंपाआधी फिल्टर बसवावा, आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर व टाकी रिकामी करावी. एवढ्यासाठी इंजिन बदलण्याची गरज नाही.

डिझेलबद्दल म्हणाल तर कंपनीने इंजिनासोबत बाकीची गाडीही जुळवून घेतली होती, आणि गॅरेजमध्ये होते ते तसे नसते. या जीपची टी-९० ही तीन गिअरांची पेटी पेट्रोल इंजिनाच्या बेताने बनलेली आहे आणि ॲक्सलचे गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या होतात. अशा गुणोत्तरावर कमी फेऱ्यांचे डिझेल इंजिन लावले की गाडी रस्त्यावर फार हळू धावते, म्हणून मग लोक गिअरपेटी बदलतात, तिच्यासाठी माउंटिंग कापतात, पुढे वजन वाढल्याने स्प्रिंगचे पाटे बदलतात, आणि ‘स्वस्त’ इंजिनाचा खर्च मूळ इंजिनाच्या दुरुस्तीपुढे जातो. तुमच्याकडे ते काम आधीच झालेले आहे म्हणून तुम्हाला फायदा दिसतो, आणि ओझे ओढण्यासाठी तो आहेही. प्रश्नकर्त्यांना ओझे ओढायचे नाही.

जांबोटी_रोड:

सर्वांचे आभार. काकांना हा धागा वाचायला दिला. ना-हरकत आणि पुन्हा कर भरण्याचे वाचून त्यांनी चंदगडचा आग्रह सोडला आहे, डिझेलबद्दल मात्र ते अजून कुरकुरत आहेत. इंजिन आधी सोडवून पाहायचे ठरले. आमच्या भागात जूनपासून पावसाची झड लागते, तेव्हा दुरुस्तीनंतर रोजची निगा कशी ठेवावी आणि फोर-व्हील कधी लावावे, हेही सांगावे.

उद्यमबाग_लेथ:

फोर-व्हील फक्त चिखलात, ओल्या मातीत किंवा नदीच्या वाळूत लावावे. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फेऱ्यांचा फरक सामावून घेणारी रचना नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळण घेतले की सगळा ताण गिअरांवर आणि क्रॉस जॉइंटवर येतो. मग लिव्हरही निघत नाही. तेव्हा जोर न लावता गाडी थोडी मागे घ्यावी, लिव्हर सुटते. लो गिअर पुढचे ॲक्सल जोडल्याशिवाय लागतच नाही, म्हणून तो बिघाड समजू नये. गाडी रोज वापरात नसली तरी महिन्यातून एकदा शेतात काही अंतर फोर-व्हीलमध्ये चालवावी, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरते.

गिअरपेटी आणि ट्रान्स्फर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) यांत ९० नंबरचे जीएल-४ दर्जाचे तेल घालावे. दुकानदार ‘याहून भारी’ म्हणून जीएल-५ देतो, पण त्यातली काही रसायने पितळी-कांस्य भागांना खातात. दोन्ही पेट्यांतील तेलाची पातळी वेगवेगळी तपासावी, कारण मधले सील झिजले की एका पेटीतले तेल दुसरीत जाते आणि एक कोरडी पडते. पावसाळ्यात पाण्यातून गेल्यानंतर पातळी पाहताना तेल दुधाळ दिसले तर त्याच आठवड्यात बदलावे. ब्रेक ऑइलही ओल शोषते, ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे.

गंजासाठी बाहेरून रंग चढवण्यापेक्षा आतून पाणी निघून जाण्याची वाट मोकळी ठेवणे महत्त्वाचे आहे. चासीच्या आडव्या पट्ट्यांत आणि फ्लोअरच्या कोपऱ्यांत लाल माती साचते, ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून पोखरला जातो. तुमच्या पायाखालचा पत्रा बहुधा त्यामुळेच गेला आहे, तेव्हा नवा तुकडा जोडताना निचऱ्याची भोके बुजवू देऊ नयेत. गाडी शेणाच्या किंवा खताच्या गोठ्यालगत उभी करू नये, तिथल्या अमोनियाने वायरिंगच्या जोडांवरचे पितळ लवकर खराब होते.

एक गोष्ट राहिली. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला असलेल्या ड्रमवर आहे. तिथले ऑइल सील गळले की तेल थेट त्या ड्रममध्ये जाते आणि लिव्हर कितीही ओढले तरी गाडी उतारावरून सरकते. तपासणीला नेण्याआधी ते सील बदलून घ्या, आणि तोवर शेताच्या उतारावर गाडी उभी करताना चाकाला दगड लावत जा.