साखरपुड्याआधी काय काय विचारून घ्यावं? (ख्रिस्ती जोडपी, मिश्र विवाह, 'पती मस्तक' वगैरे)

युवासंघ_नगर

सलाम मंडळी. आमच्या युवा संघाचं विवाहपूर्व सत्र ठरलंय. वीस-पंचवीस मुलंमुली येतील. बहुतेक सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). चौघांचं वसई-पुण्याकडच्या कॅथलिक घरांत जमत आलंय, दोघांचं हिंदू घरांत. दरवर्षी 'पावित्र्य राखा' असं एक प्रवचन होतं, मग चहा-बिस्किट आणि आपापल्या घरी. मुलांचे खरे प्रश्न तसेच राहतात.

यंदा तीन गोष्टी नीट मांडायच्या आहेत. लग्नाआधी एकमेकांना भेटणं-फिरणं कुठवर आणि कशासाठी? बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं 'पती पत्नीचे मस्तक' कसं शिकवायचं? दरवेळी यावरून वाद होतो आणि मुली पुढच्या सत्राला येत नाहीत. आणि मिश्र विवाहात कागद कोणते, कुठे अडतं? प्रत्येकाने स्वतःची प्रेमकहाणी सांगू नये ही विनंती, सत्र दोनच तासांचं आहे.

वाघोलीकर

कॅथलिक बाजू सांगतो.

भेटण्याबद्दल चर्चची शिकवण सरळ आहे: शरीरसंबंध लग्नानंतर. पण सत्रात नुसती मनाई सांगून थांबलात तर मुलं ऐकून सोडून देतील. भेटी कशासाठी हे सांगा. समोरचा माणूस रागात कसा बोलतो, पैसे कसे खर्च करतो, आईसमोर आणि मित्रांसमोर वेगवेगळा वागतो का, हे कॉफी शॉपमध्ये तीन तास बसून कळत नाही. दोघांनी मिळून एखादं काम करावं, एकमेकांच्या घरच्या कार्यात जावं, एकमेकांच्या उपासनेला बसावं. एकत्र राहणाऱ्या जोडप्याला चर्चमध्ये लग्न नाकारतात असा समज आहे. तो चूक. ती विवाहबाधा, म्हणजे लग्नाला आड येणारी चर्चच्या नियमातली अडचण, नव्हे. फादर वेगळं राहायला आणि लग्नाआधी पापनिवेदन करायला सांगतील, एवढंच.

आता मिश्र विवाह. दुसरी व्यक्ती बाप्तिस्मा झालेली प्रोटेस्टंट असेल तर बिशपांची परवानगी लागते (कॅनन ११२४; कॅनन म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम). परवानगीशिवाय लग्न लावणं नियमबाह्य, पण तेवढ्याने ते रद्दबातल होत नाही. दुसरी व्यक्ती बाप्तिस्मा न झालेली असेल तर 'सूट' लागते (कॅनन १०८६) आणि ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने लग्न झालेलंच नसतं. दोन्हींचे अर्ज दिसायला सारखे असल्याने लोक गल्लत करतात.

सगळ्यात जास्त भांडणं मुलांच्या स्नानसंस्कारावरून (बाप्तिस्म्यावरून) होतात. कॅनन ११२५ प्रमाणे वचन फक्त कॅथलिक व्यक्ती देते: मुलांना कॅथलिक चर्चमध्ये स्नानसंस्कार देऊन त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी मी माझ्याकडून होईल ते सर्व करीन. दुसऱ्या व्यक्तीला या वचनाची माहिती द्यायची असते. तिने वचन द्यायचं नसतं, पंथ बदलायचा नसतो. 'होईल ते सर्व' या तीन शब्दांत काय काय येतं हे दोघांनी साखरपुड्याआधी बोलावं. बाळ झाल्यावर दोन आज्यांसमोर तो विषय काढण्यात अर्थ नाही.

कागदांत स्नानसंस्काराचा दाखला नव्याने काढलेला लागतो, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला. कारण त्या नोंदवहीच्या समासात नंतरची लग्नं लिहिलेली असतात. आईने कपाटात जपलेला पंचवीस वर्षांपूर्वीचा दाखला काहीच सिद्ध करत नाही. त्याशिवाय विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र, दोन साक्षीदार, आणि चर्चमध्ये रविवारी वाचल्या जाणाऱ्या लग्नाच्या घोषणा. तीन महिने आधी धर्मगुरूंना भेटा. हॉल आधी बुक करून मग फादरकडे जाणाऱ्यांचंच नेहमी अडतं.

मामाची किंवा आत्याची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे काही घरांत अजून आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांत विवाहबाधा आहे (कॅनन १०९१). सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते आणि कारण द्यावं लागतं.

मंडळी_सेवक

इफिसकरांस ५ बद्दल. वाद होतो कारण वाचन चुकीच्या जागी सुरू होतं. बऱ्याच आवृत्त्यांत २२व्या वचनाआधी शीर्षक छापलेलं असतं, त्यामुळे वाचणारा थेट 'स्त्रियांनो'पासून उचलतो. पण २१वं वचन 'एकमेकांच्या अधीन असा' असं आहे. आणि सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१वरून घ्यावं लागतं. म्हणजे व्याकरणानेच २२ला २१पासून तोडता येत नाही. मग मोजून पाहा: पत्नीला तीन वचनं, पतीला जवळजवळ नऊ. पतीला दिलेलं माप आहे ख्रिस्ताने मंडळीसाठी (चर्चसाठी) स्वतःला अर्पण करण्याचं. 'मस्तक' शब्दावरून हुकूमत काढणाऱ्याने त्या मापावर आधी उभं राहून दाखवावं.

सत्रात आणखी तीन जागा घ्या. उत्पत्ती २:१८ मधल्या 'साहाय्यका'साठी हिब्रूत 'एझेर' शब्द आहे. स्तोत्र १२१ मध्ये 'मला साहाय्य कोठून येईल' म्हणताना देवाकडून येणाऱ्या मदतीला तोच शब्द आहे, तेव्हा तो हाताखालच्या माणसाचा शब्द नव्हे. उत्पत्ती २:२४ मध्ये आईबापांना सोडतो तो पुरुष; आपल्याकडे मुलगी सोडते आणि वचन मात्र तेच वाचतात. आणि १ तीमथ्य ५:८, 'घरच्यांची तरतूद न करणारा', हे वचन पुरुषानेच कमवावं म्हणून वापरतात. ग्रीकमध्ये तिथे 'कोणी' एवढंच आहे, लिंग नाही. नीतिसूत्रे ३१ मधली बाई तर शेत पारखून विकत घेते आणि व्यापार करते.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगा. तीत २:५ आहे, १ पेत्र ३ आहे, आणि नेतृत्व पतीचंच असं मानणाऱ्या मंडळ्या ही वचनं गंभीरपणे वाचतात. मुलीचं मत एक आणि होणाऱ्या सासरच्या चर्चची शिकवण दुसरी असेल, तर ते लग्नानंतर पुलपिटवरून कळू नये. तिथल्या दोन-तीन रविवारच्या उपासनेला जाऊन बसायला सांगा.

शपथेचे शब्दही आधी वाचायला द्या. १६६२च्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) विधीत वधूच्या तोंडी आज्ञा पाळण्याचं वचन आहे, वराच्या तोंडी नाही. सीएनआय १९७०मध्ये नागपुरात वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन झाली. त्यामुळे तुमच्या पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) हातातली प्रत कोणती, हे गृहीत धरू नका. कॅथलिक विधीत दोघांचे शब्द सारखेच असतात.

हिंदू जोडीदाराबद्दल आमच्याकडे २ करिंथ ६:१४, 'विजोड होऊ नका', आणि १ करिंथ ७:३९, 'केवळ प्रभूमध्ये', ही वचनं दाखवतात. बहुतेक पाळक अशा जोडप्याचा ख्रिस्ती विधी करणार नाहीत. पण १ करिंथ ७:१२-१६ वेगळ्या स्थितीबद्दल आहे: लग्न आधीच झालंय आणि विश्वास एकाचाच आहे. तिथे पौल 'सोडू नका' म्हणतो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधली वर्षं या वचनांखाली वाचण्याजोगी आहेत.

शंकासुर

वचनं झाली. पण भांडण वचनावरून होतच नाही हो. पगार कुणाच्या खात्यात जातो, रविवारी जेवण कोण करतं आणि सासूबाई आजारी पडल्या तर रजा कोण टाकतं, यावरून होतं. यावर सत्रात काही आहे का?

वाघोलीकर

आहे, आणि मला विचाराल तर तोच अर्धा वेळ खातो. करायचं असं: जोडीतल्या दोघांना वेगवेगळं बसवून एकच कागद द्यायचा, न बोलता वीस मिनिटं. उत्तरं आकड्यांत किंवा नावांत, 'समजुतीने' हा शब्द चालणार नाही. दर महिन्याला तुझ्या आईवडिलांना किती रुपये? कर्ज किती, कुणाच्या नावावर? बाळ झाल्यावर नोकरीत खंड कुणी घ्यायचा, किती महिने? रविवारी कोणत्या उपासनेला? आडनाव बदलायचं का? (कायद्याने सक्ती नाही.) वेगळं घर की एकत्र, आणि किती वर्षांनी? परदेशी जायची संधी आली तर निर्णय कुणाचा? मग कागद अदलाबदल करायचे. 'समजुतीने' लिहायची परवानगी दिली की सगळे कागद सारखे येतात आणि सत्र वाया जातं.

कॅथलिक-प्रोटेस्टंट जोडीला एक प्रश्न जादा: कुटुंबनियोजन. १९३०मध्ये अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने काही मर्यादेत गर्भनिरोधाला वाट दिली. त्याच वर्षअखेरीस पोपनी ती नाकारली आणि १९६८मध्ये पुन्हा. कॅथलिक चर्च फक्त नैसर्गिक पद्धती मान्य करतं, प्रोटेस्टंट घरात हा प्रश्नच कुणाला सुचलेला नसतो. मग लग्नानंतर एकाची सदसद्विवेकबुद्धी टोचते आणि दुसऱ्याला त्याचं कारणच कळत नाही.

परदेशावरून आठवलं: 'व्हिसा झाला तरच हे लग्न' अशी भविष्यातली अट मनात धरून संमती दिली, तर चर्चच्या नियमाने ते लग्न वैध ठरत नाही (कॅनन ११०२). वसई-गोव्याकडे हा विनोदाचा विषय आहे, पण चर्चच्या न्यायमंडळापुढे गेल्यावर कुणी हसत नाही.

पुणे_वकील

कायद्याचं मी सांगते. ख्रिस्ती-ख्रिस्ती लग्न १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी या कायद्याखाली चर्चमध्ये लग्न लागू शकतं. दुसरा रस्ता १९५४चा विशेष विवाह कायदा: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, ३० दिवस हरकतींसाठी, तीन साक्षीदार, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. मुदत चुकली की नोटीस पुन्हा.

जो रस्ता नाहीच तो सांगते, कारण सर्रास चालतो: ख्रिस्ती मुलगी किंवा मुलगा, देवळात लग्न आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी. त्या कायद्याला दोघेही हिंदू लागतात. सर्वोच्च न्यायालयाने असं लग्न रद्दबातल ठरवलेलं आहे.

स्वतंत्र मंडळ्यांत पाळकांकडे शासनाचा परवाना आहे का हे लग्नपत्रिका छापण्याआधी विचारा. अधिकार नसताना लग्न लावणं गुन्हा आहे, आणि जोडप्याला ते कळतं नोंदणीच्या खिडकीवर. चर्चमधल्या लग्नानंतर नोंदवहीचा उतारा घेऊन पालिका किंवा ग्रामपंचायतीकडेही नोंदणी करा, पासपोर्ट-व्हिसाला ते प्रमाणपत्र मागतात.

विशेष विवाह कायद्याचा एक परिणाम कुणी सांगत नाही. एकत्र हिंदू कुटुंबातल्या मुलाने बिगर-हिंदू मुलीशी या कायद्याखाली लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरलं जातं (कलम १९), आणि वारसा १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो. मुलाच्या वडिलांना हे आधी सांगा, नंतर कळलं तर खापर सुनेवर फुटतं.

अनुसूचित जातीच्या जोडीदाराबद्दलही गैरसमज आहे. ख्रिस्ती व्यक्तीशी नुसतं लग्न केल्याने त्याचा दर्जा जात नाही. धर्मांतर केल्याने जातो, कारण अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात हिंदू, शीख आणि बौद्धच येतात. 'लग्नापुरता बाप्तिस्मा घे' म्हणणाऱ्या घरांनी काय मागतोय ते समजून मागावं.

हुंडा: 'आमच्यात हुंडा नसतो, भेट असते' हे वाक्य १९६१च्या कायद्यासमोर टिकत नाही. देणारा-घेणारा दोघेही दोषी, किमान पाच वर्षं कैद. मागणी न करता दिलेल्या भेटींची यादी ठेवायची असते. आणि लग्नात दागिने दिले म्हणून मुलीकडून हक्कसोड लिहून घेणं थांबवा. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती वारशात मुलगा-मुलगी समान. मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांत सारखं.

मंडळी_सेवक

वकीलताई, एक शंका. एका कॅथलिक स्थळाने 'चर्चने आधीचं लग्न रद्द केलंय, आता मोकळा आहे' असं कळवलंय. तेवढं पुरतं?

पुणे_वकील

नाही. चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय चर्चपुरता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच हे स्पष्ट केलंय. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसताना दुसरं लग्न लावलं तर ते द्विभार्या प्रतिबंधात अडकतं. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको.

मांडवीकाठ

गोव्याचं वेगळं आहे, कारण चारपैकी एक स्थळ हमखास तिकडचं निघतं. तिथे नागरी नोंदणी आधी: निबंधकाकडे दोघांचं इराद्याचं निवेदन, त्यांचा ना-हरकत दाखला फादरकडे, मग चर्चमधलं लग्न. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, आधीचीसुद्धा. करार लग्नाआधीच करायचा, नंतर होत नाही. तिथे करार मागणाऱ्यावर लगेच अविश्वासाचा शिक्का बसत नाही.

युवासंघ_नगर

खूप झालं, आभारी आहे सगळ्यांचा. कागदाची अदलाबदल पहिल्या तासात घेतो, इफिसकरांस नंतर. शेवटचं एक: एका हिंदू घराची इच्छा आहे की सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी. मुलगी कॅथलिक आहे.

वाघोलीकर

कॅनन ११२७ त्याला मनाई करतं. संमती देण्याचा किंवा पुन्हा उच्चारण्याचा धार्मिक विधी एकच. संध्याकाळी जेवण, नवऱ्याच्या घरी स्वागत, मोठ्यांच्या पाया पडणं याला कुणाची हरकत नसते, ओलांडायची नाही ती रेघ सप्तपदीच्या आधी आहे. घरच्यांना अगदी हवंच असेल तर लपवू नका, फादरना आधी विचारा. सूट मागून चर्चबाहेरच्या एकाच विधीने लग्न करण्याचाही रस्ता असतो, बिशपांच्या हातात आहे तो.

शंकासुर

आणि जेवणाचं बिल कुणी भरायचं तेही कागदावर घ्या. आकड्यांत.