स्मरणिकेची पाने लावताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
आमच्या गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची पाने लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ए४ आकाराची ४८ पाने आहेत आणि मजकूर तपासून तयार आहे. मी मांडणी शिकलेली नाही. पहिल्या आठ पानांवर चौकटी, रंगीत पट्ट्या आणि चार वेगवेगळे फॉन्ट वापरले, तरीही पान वाचावेसे वाटत नाही. मजकूर मंगल फॉन्टमध्ये, ११ पॉइंट आकारात, दोन स्तंभांत आहे. नेमके काय चुकते आहे?

प्रतिसाद १
आधी सर्व चौकटी काढून पाहा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मोकळ्या जागेने सांगता आले नाही, की चौकटीची गरज भासू लागते. उपशीर्षकाच्या वर आणि खाली सारखीच जागा सोडली, तर ते कोणत्या परिच्छेदाचे आहे हे डोळ्याला कळत नाही. म्हणून वरची जागा खालच्या जागेच्या निदान दुप्पट ठेवा. छायाचित्राची माहिती देणाऱ्या ओळीही छायाचित्राला लागूनच असाव्यात.

सगळे मधोमध आणण्याचा मोहही टाळावा. लग्नपत्रिका तशी शोभते, कारण ती एका नजरेत वाचून होते; तीन पानांच्या लेखात मात्र प्रत्येक ओळीची सुरुवात एकाच उभ्या रेषेवर सापडली पाहिजे.

प्रतिसाद २
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु माझ्या मते तुमच्या पानाची खरी अडचण ओळींमधील अंतराची असावी. रोमन लिपीसाठी सांगितले जाणारे अक्षराच्या १२० टक्के अंतर देवनागरीला अपुरे पडते, कारण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार आणि उभी जोडाक्षरे उतरतात. ११ पॉइंटच्या अक्षराला १६ ते १७ पॉइंटचे अंतर देऊन एक पान छापून पाहा. फरक लगेच जाणवेल.

दोन्ही कडा सरळ करण्याचा आग्रहही सोडावा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात. ‘वाचनालयासाठीच्या’ यासारखा शब्द अरुंद स्तंभात मावला नाही की पुढच्या ओळीत जातो आणि मागे राहिलेल्या शब्दांमध्ये भगदाडे पडतात. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवणे अधिक चांगले.

फॉन्टविषयी थोडे: सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगलने संगणकावर मराठी वाचण्याची मोठी सोय केली, पण त्यातील ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. मराठी वळणाची अक्षरे हवी असल्यास ‘तिरो देवनागरी मराठी’ पाहा. ‘मुक्त’ या फॉन्टमध्ये तर बारीक ते ठळक अशा अक्षरांच्या सात जाडी मिळतात, त्यामुळे चार फॉन्ट एकत्र आणण्याचे कारणच उरत नाही. मात्र फरक ठळक असू द्या: ११ पॉइंटच्या मजकुरावर १२ पॉइंटचे शीर्षक चुकून मोठे झाल्यासारखे दिसते, १८ पॉइंटचे शीर्षक मुद्दाम मोठे केलेले दिसते.

प्रश्नकर्ती
१७ पॉइंटचे अंतर देऊन आणि चौकटी काढून पान छापले. वेलांट्या आता वरच्या ओळीतील उकारांना भिडत नाहीत. मजकूर मात्र वाढला आहे. पाने ५० झाली तर चालेल का?

प्रतिसाद ३
मधोमध पिना मारून बांधणी करणार असाल, तर पृष्ठसंख्येला चारने भाग गेला पाहिजे. म्हणजे ५० नव्हे, ५२. उरलेली दोन पाने जुन्या छायाचित्रांना द्या, पण ती छापील आकारात ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके) असावीत. पानाच्या कडेपर्यंत जाणारे छायाचित्र ३ मिलिमीटर बाहेर वाढवून ठेवा, अन्यथा कापताना पांढरी रेघ राहू शकते.