स्केचिंगच्या वहीतली पानं फाडायची सवय कशी मोडायची?

कानामात्रा

नमस्कार. वर्ष झालं, दर रविवारी सकाळी एका गटाबरोबर बाहेर जाऊन स्केचिंग करते. बारा-पंधरा जण असतो, कॉलेजातल्या पोरांपासून निवृत्त मंडळींपर्यंत. दोन तास ज्याने त्याने आपापली जागा धरायची, आणि शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने उघडून ठेवायच्या. शिवाय तीन कार्यशाळा केल्या: यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), जलरंग आणि चालती-फिरती माणसं.

चित्रं बरी येतात की वाईट, हे विचारत नाहीये. अडचण वहीची आहे. मनात होतं की ही चित्रांची रोजनिशी व्हावी, वर्षाने उघडली की तो तो रविवार डोळ्यांपुढे यावा. झालंय भलतंच. शिवलेली जाड वही, त्यातली अकरा पानं मी फाडून टाकली. उरलेली नेटकी आहेत, आणि खरं सांगायचं तर कुणाचीही वाटतील अशी.

सवय कुठून आली ते ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मुद्रितशोधन करतेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला की हात शिवशिवतो, तसंच वाकडी रेघ दिसली की होतं.

गेल्या रविवारी रेल्वे स्थानकाच्या जुन्या जिन्यापाशी बसलो होतो. तिसऱ्या पायरीवर एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसलेले, मान एका बाजूला कललेली. डोकं, खांदे, पिशवीचे बंद, गुडघे इथवर आले आणि ते उठून चालू लागले. पोटऱ्यांपासून खाली कोरा कागद. वह्या मांडायची वेळ झाली तेव्हा तो बिनपायांचा माणूस सगळ्यांसमोर ठेवायचा धीर होईना. पान फाडलं. तर त्याबरोबर वहीच्या पुढल्या भागातलं दुसरंच एक पान अलगद हातात आलं. पावसाळ्यात काढलेलं झाड, वर्षभरातलं माझं सगळ्यात लाडकं. त्याची काहीच चूक नव्हती.

दोन्ही पानं अजून पिशवीत आहेत. त्यांचं काय करू? आणि चित्राशेजारी लिहायचं तरी काय? मी लिहिते ते ‘स्थळ, दिनांक, हवा ढगाळ’. पंचनामा वाटतो. कार्यशाळेतले सुटे कागद वेगळ्या फाइलमध्ये पडून आहेत, ते वहीत घ्यावेत का? आणि एक फुटकळ तक्रार: माझ्या पेनाची शाई वॉश, म्हणजे वरून पातळ जलरंगाचा हात, दिला की पसरते. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणूनच दिली होती.

दौतटाक

ताई, आधी झाडाचं सांगतो. शिवलेल्या वहीत चार-सहा कागद एकात एक दुमडून त्या घडीतून दोरा ओवलेला असतो. म्हणजे मागचं एक पान आणि पुढचं एक पान हा मुळात एकच कागद. तुम्ही अर्धा ओढून काढलात, उरलेल्या अर्ध्याला धरून ठेवायला दोऱ्यापाशी काही राहिलं नाही. अकरा पानं फाडलीत ना? मग आणखी काही पानं सैल असणार, आत्ताच तपासा. पान काढायचंच असेल तर शिवणीपासून बोटभर पट्टी राखून कटरने कापावं.

झाड परत बसवता येईल. पातळ पण चिवट कागदाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी मधोमध दुमडा, अर्धी पानाला, अर्धी शेजारच्या पानाच्या मुळाशी. गोंद अगदी कमी. वर-खाली मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. सेलोटेप कृपा करून लावू नका. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि चिकटपणा कागदात उतरतो.

आता शाई. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया रंजकद्रव्य पाण्यात विरघळवून केलेल्या असतात, त्या पाण्याने पसरणारच. पिगमेंटची शाई घ्या. तिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि वाळल्यावर ते कागदाच्या तंतूंना धरून बसतात. पण ‘वाळल्यावर’. जलरंगाच्या चांगल्या कागदाला साइझिंग (पाणी पटकन शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ) जास्त असतं, शाई वरच रेंगाळते आणि वाळायला वेळ घेते. शेवटच्या पानावर एक रेघ मारा, दहा मिनिटांनी तिच्याखाली दुसरी, आणखी चार मिनिटांनी तिसरी, मग मिनिटभर थांबून तिन्हींवरून एकदम ओला ब्रश फिरवा. तुमच्या शाईला तुमच्या कागदावर किती थांबायचं ते कळेल. आणि शेलॅक (लाख) असलेली चित्रकारांची काळी शाई फाउंटन पेनात भरू नका. पेन कायमचं बसतं. माझं बसलंय.

निळा डबा

मी उलटं सांगणार. फाडा खुशाल. माझी वही स्पायरलची आहे, कुठलंही पान काढलं तरी बाकीच्यांना धक्का नाही. नको ते नको. पोट फुगलेल्या वह्या सांभाळायला घरात जागा कुठाय?

आडवी रेघ

निळा डबा, स्केचबुकसाठी तुमचं ठीक आहे. ताईंना रोजनिशी हवी आहे. रोजनिशीतला वाईट दिवस कोणी फाडत नाही.

ताई, मी आमच्या गटाच्या फेऱ्या आखतो, म्हणून अनुभवाचं बोलतो. ते वह्या ओळीने मांडणं चांगलं आहे, पण वर्षभरात त्याचा एक दुष्परिणाम दिसायला लागतो: लोक शेवटच्या त्या दहा मिनिटांसाठी चित्र काढू लागतात. आम्ही आता मांडणी ऐच्छिक केली आहे आणि ज्याला वाटेल त्याने कुठलंही पान उघडं ठेवायचं, त्या दिवशीचंच हवं असं नाही.

२००७ मध्ये गॅब्रिएल कॅम्पनारिओ या सिअॅटलच्या पत्रकार-चित्रकाराने बाहेर जाऊन स्केचिंग करणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक गट काढला, त्यातून पुढे ‘अर्बन स्केचर्स’ ही संस्था झाली. त्यांच्या जाहीरनाम्यात आठ कलमं आहेत. प्रत्यक्ष जागेवर बसून काढायचं, जे दिसतंय त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, चित्र म्हणजे त्या वेळेची आणि जागेची नोंद. सुंदर काढायचं असं एकही कलम नाही. तुमचा माणूस उठून गेला ही त्या वेळेची नोंदच आहे. पाय घरी येऊन मनाने काढले असते तर तेवढा भाग खोटा झाला असता.

तरी माणसं निसटू नयेत म्हणून एक करा. डोक्यापासून सुरू करून खाली उतरत जाऊ नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात अख्खा माणूस एका पुसट फराट्यात घ्या: मानेचा कल, पाठीची वळणरेषा, पाय कुठे टेकलेत तिथे दोन ठिपके. मग वरून सावकाश. तो उठला तरी ठिपके असतात. सपाट जागी, तुम्ही उभ्याने काढत असाल तर साधारण तुमच्याच उंचीची उभी माणसं, जवळची असोत की लांबची, सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवर, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरच्या आडव्या रेघेवर, येतात, लहान होत जातात ते फक्त पाय वर सरकल्याने. खुर्चीवर बसून काढत असाल तर ती रेषा त्यांच्या छातीच्या आसपास जाते. ही एक रेघ आधी आखली की गर्दी आपोआप जमिनीवर उभी राहते. (माझं नाव त्यावरूनच.)

सावल्याही माणसांसारख्याच. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत ३०. सावली पहिल्या वीस मिनिटांत पक्की करायची आणि नंतर कितीही मोह झाला तरी बदलायची नाही. नाहीतर खांबाची सावली दहाची आणि झाडाची बाराची, असं होतं.

पाठकोरा

कार्यशाळेच्या कागदांबद्दल. मी आठ-नऊ कार्यशाळा केल्यात. पहिल्या काही कार्यशाळांतली माझी चित्रं आज बघितली तर ती त्या-त्या शिक्षकाची आहेत. त्यांनी आभाळ ज्या ब्रशने ओलं केलं त्याच ब्रशने मी केलं, झाड डावीकडे तर माझंही डावीकडे. ती चिकटवू नका, वही उगाच जाड होते.

त्याऐवजी शिक्षक जे बोलले ते घ्या. मी आता कार्यशाळेत वहीचं एक पान मधून आडवं विभागतो. वर दीड-दोन इंचांची लहान चौकट, त्यांच्या चित्रातल्या फक्त गडद-मध्यम-फिकट जागा. बाजूला त्यांचं एखादं वाक्य, त्यांच्याच शब्दांत. खालचा अर्धा भाग कोरा. पुढच्या रविवारी बाहेर गेलो की तेच तंत्र समोर असेल त्याच्यावर वापरून तो अर्धा भाग भरायचा. जलरंगाच्या कार्यशाळेत आम्हाला काळा रंग पेटीतून काढून टाकायला लावला आणि अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून करडा करायला शिकवलं. वर्गात केला तो करडा छान. बाहेर पुलाच्या कमानीखाली केला तो तपकिरी चिखल, कारण निळा कमी पडला. दोन्ही एकाच पानावर आहेत. आता निळा आधी घेतो.

लिहायचं काय, तर चित्रात न येणारं. फ्रेंच चित्रकार डेलाक्रॉ १८३२ मध्ये मोरोक्कोला गेला तेव्हा त्याच्या वह्यांत चित्रांच्या मधूनमधून मजकूर आहे आणि रंग कोणता ते शब्दांत लिहून ठेवलंय. रंग भरायला वेळ नसेल तर असंच. हवा ढगाळ हे कुणीही लिहील. जिन्यावरच्या त्या गृहस्थांना उठायला काय कारण झालं?

आणि एक सुचतंय, रागावू नका. तुम्ही मुद्रितशोधक ना? प्रुफात चूक सापडली तर तुम्ही प्रूफ फाडता का?

कानामात्रा

पाठकोरा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिले. प्रूफ फाडलं तर छापखाना मला उभं करेल का! समासात खूण करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं, हेच तर करते रोज.

सगळ्यांचे आभार. दौतटाक, तुम्ही म्हणालात तसं तपासलं, चार पानं सैल निघाली. पट्ट्या लावल्या. झाड बसलं, जरा फुगीर दिसतंय, पण उघडताना आता सुटत नाही. आपण काढलेलं पान आपणच उपटून परत चिकटवतोय याची शरमही वाटली. फर्मा, जुळणी, शिवण हे शब्द मी निम्मं आयुष्य कामाच्या टेबलावर ऐकलेत, आणि जोडपानाची गोष्ट मला दुसऱ्याने सांगावी लागली. शाईची चाचणी केली. पहिली रेघ, म्हणजे पंधरा मिनिटं वाळलेली, शाबूत. पाच मिनिटांची कडेने निळसर झाली. एका मिनिटाची गेलीच. म्हणजे शाई बरोबर होती, घाई माझी.

काल पुन्हा त्याच जिन्यापाशी गेले, एकटीच. गृहस्थ नव्हते. जाणारी-येणारी माणसं काढली, आधी ठिपके टाकून. सहापैकी चार पूर्ण झाली. पाचव्या बाईंच्या हातात छत्री होती की काठी, ते मला अजून सांगता येणार नाही, म्हणून समासात प्रश्नचिन्ह टाकलंय, जसं लेखकाला विचारायचं असलं की टाकते.

आणि जुनं पान. त्या दिवशी ते का उठले हे आठवायचा प्रयत्न केला आणि आठवलं: घोषणा झाली, गाडीचा फलाट बदलला होता. ते बाजूला लिहिलं. आमच्याकडे खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात ‘ठेवा’ लिहितात. पाय नाहीत तिथे मी सात टिंबं दिलीत.

पट्टीला गोंद थोडा जास्त झालाय. वजनाखाली शब्दकोशाचे दोन खंड आहेत, उद्या काढीन.