पहिला फ्लॅश कोणता घेऊ? आजीचा फोटो काढायचाय

वाईकर_अमोघ:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन 1500डी कॅमेरा आणि 50 एमएम एफ/1.8 लेन्स आहे. घर वाईतलं, जुनं. माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. पुढच्या महिन्यात आजीला पंचाहत्तर पूर्ण होतायत, तिचा नऊवारीतला एक धड फोटो हवाय. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश मारून बघितला. कपाळ तेल चोपडल्यासारखं, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली, आणि नथ म्हणजे नुसता पांढरा ठिपका. आजी म्हणाली, "हा मतदान कार्डाला दे." बजेट ताणून दहा हजार. सगळे गोडॉक्स कंपनीचा टीटी600 फ्लॅश सांगतात. डोळे झाकून घेऊ?

शटर_बंड्या:
घे की! स्वस्त आणि मस्त, चार पेन्सिल सेलवर चालतो. टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं) नाही, पण आजी काही पळत नाहीत, पॉवर हातानं लावायची. तोंड छताकडे कर, उजेड मऊ होऊन खाली येतो.

काका_सांगलीकर:
अमोघ, थांब जरा. आधी कॅमेऱ्याचा हॉटशू, म्हणजे वर फ्लॅश बसवायची खाच बघ. बहुतेक कॅमेऱ्यांत मधोमध एक गोल धातूचा ठिपका असतो, तो 1500डीला दिलेलाच नाही. 3000डी आणि 200डी मार्क 2 चीही तीच गत. आणि टीटी600ला नेमकी ती मधलीच पिन लागते. वर बसवलास तर तो ढिम्म उडणार नाही.

दुसरं, घर जुनं म्हणतोस. छत लाकडी आहे का? आणि भिंतींचा रंग कोणता?

वाईकर_अमोघ:
छताला काळपट तुळया आणि फळ्या. भिंती पोपटी 🙈

काका_सांगलीकर:
मग छताचा नाद सोड. काळं लाकूड उजेड गिळतं, आणि पोपटी भिंतीवरून आलेला उजेड आजीच्या गालांवर हिरवी झाक देतो. तुझ्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवणं हाच मार्ग. टीटी600 घेच, त्यात रेडिओ रिसीव्हर आतच असतो. सोबत कॅननसाठीचा एक्स2टी ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसतो आणि फ्लॅशला रेडिओनं उडायचा इशारा देतो), एक स्टँड आणि आरपार उजेड जाणारी पांढरी छत्री. स्टँड-छत्री कुणाकडून उसनी मिळाली तर बघ, म्हणजे बजेटात बसेल. ट्रिगर मात्र दुकानातच स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवून फ्लॅश उडवून बघ. ट्रिगरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर या कॅमेऱ्यावर अडतो.

फ्लॅशच्या खोक्यावरच्या 60 या गाइड नंबरवर, म्हणजे ताकदीच्या आकड्यावर जाऊ नकोस. तो फ्लॅशचा झूम 200 एमएमवर ठेवून मोजलेला असतो, छत्रीत त्याचा उपयोग नाही. पोर्ट्रेटला ताकदीपेक्षा छत्री किती जवळ हे महत्त्वाचं. आठ फुटांवरून चार फुटांवर आणलीस की उजेड चौपट मिळतो आणि सावलीच्या कडाही विरतात. शटर 1/200 च्या वर नेऊ नको, फोटोत काळा पट्टा येईल. सुरुवातीला लेन्सचं छिद्र एफ/4, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 200, फ्लॅशची पॉवर पूर्ण ताकदीच्या 1/8. मग स्क्रीन बघून वरखाली कर. उजेड परतवायला दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धर.

स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेव. एका साखरपुड्यात मी कंटाळा केला आणि फर्राटा पंख्याच्या वाऱ्यानं छत्रीसकट फ्लॅश थेट जिलबीच्या परातीत.

शटर_बंड्या:
पिनचं माहीत नव्हतं काका 🙏 माझा 700डी आहे, त्याला असते.

वाईकर_अमोघ:
मंडळी, झालं काम! दुकानदार "सगळ्यांना बसतो" म्हणत होता. मी कॅमेरा पिशवीतून काढून वर लावला, नाहीच उडाला. ट्रिगरनं लगेच उडाला. छत्री डावीकडून, आजीच्या डोक्याच्या थोडी वर, चार फुटांवर. थर्माकोल आईनं धरला आणि पॉवर शेवटी 1/16 वर आणली. नथीतले मोती आता एकेक मोजता येतात. फक्त आजीच्या चष्म्यात अख्खी छत्री दिसतेय. त्याचं काय करू?

काका_सांगलीकर:
छत्री अजून वीतभर वर घे आणि चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित उचलायला सांग.