मदत हवी आहे: डिप्रेशनची गोळी फॅमिली डॉक्टरांनी सुरू केली, आता पुढे कुणाकडे जाऊ?

पेठेतला:
नमस्कार मंडळी. नाव सांगत नाही, पेठेत सगळे ओळखीचे. वय ४४, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत दिवाणजी.

गेल्या हंगामात सुरू झालं. सौदे जोरात, गुळाच्या रव्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि मला आकडे जमेनात. चार ओळींची बेरीज तीनदा करायचो. पहाटे साडेतीनला जाग यायची, मग डोळ्याला डोळा नाही. रविवारी पांढरा रस्सा समोर असून ताट सरकवायचो. घरच्यांना वाटलं पित्त. मलाही तेच वाटलं.

आमचे डॉक्टर पंचवीस वर्षांपासूनचे. आप्पांची शुगर, पोरीचा गोवर, सगळं त्यांनीच बघितलं. पहिल्या खेपेला पित्ताची गोळी, दुसऱ्या खेपेला ताकदीचं इंजेक्शन, तिसऱ्या खेपेला "सलाईन लावूया काय?" त्यांना दोष देत नाही, मीच "अंग दुखतंय, भूक नाही" एवढंच सांगत होतो. बाहेर बाकावर तालमीतली पोरं बसलेली, रडू येतं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

चौथ्या खेपेला त्यांनी पेन खाली ठेवलं. "जीव नकोसा वाटतो काय रे?" म्हटलं, तसं नाही, पण सकाळ होऊच नये वाटतं. त्यांनी कंपाउंडरला दार ओढून घ्यायला सांगितलं. नऊ प्रश्नांचा मराठी कागद भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं म्हणून. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन ठीक निघालं. मग डिप्रेशनची गोळी एसिटालोप्राम सुरू केली, रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम. "लगेच फरक कळणार नाही, दोन-चार आठवडे जातील, मधेच सोडू नको. मळमळेल पहिल्यांदा." मळमळलं, पण आधीच सांगितलेलं म्हणून घाबरलो नाही.

आज अकरावा आठवडा. झोप आली, भूक निम्मी आली, कामात मन अजून नाही. पण त्या दिवसानंतर डॉक्टरांनी परत काही विचारलंच नाही. नंबर लागतो, बीपी बघतात, "बरं हाय न्हवं? चालू ठेव," की पुढचा पेशंट आत. तो नऊ प्रश्नांचा कागद फायलीत तसाच पडून आहे. रात्रीची गोळी किती दिवस घ्यायची, तेही कळलेलं नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं काय? डॉक्टर दुखावतील? बायको म्हणते, "ते काय जावई हाईत होय, रुसायला?" आणि रात्रीची गोळी माझी मीच बंद केली तर चालेल काय?

उसाचा फड:
भावा, गोळ्या सोड. रोज रंकाळ्याला दोन फेऱ्या मार. सगळं जातंय.

पेठेतला:
मारतोय की. चप्पल झिजली, मन हाय तिथंच.

शाहूपुरीची:
फड, गोळी सोडायचा सल्ला देऊ नका हो. फिरणं चांगलंच, पण गोळीच्या जोडीला. मला बाळंतपणानंतर हाच त्रास झाला होता. आमच्या डॉक्टरबाईंनी स्वतःच तज्ज्ञांना तीन ओळींची चिठ्ठी दिली. आधी वाटलं, टाळताहेत. पण त्या चिठ्ठीमुळे तिकडे पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं नाही, आणि खोकल्याला मी अजून बाईंकडेच जाते. दादा, तुम्ही गर्दीत जाऊ नका. कंपाउंडरला फोन करून दुपारचा शेवटचा नंबर मागा, आणि बसल्या बसल्याच म्हणा, "आज बीपी नको, बोलायचंय." सीपीआरलाही, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातही, मानसोपचार विभाग आहे.

औषधवाला:
मी केमिस्ट. क्लोनाझेपाम रोज एवढे आठवडे घेतल्यावर एकदम तोडू नका. झोप पार उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. एसिटालोप्राम बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात; "बरा झालो" म्हणून महिन्यात सोडणारी गिऱ्हाइकं काउंटरवर परत बघतो. आणि दोन्हींबरोबर दारू नको. मध्येच जीव घाबरला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. सरकारी, फुकट, रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं.

पेठेतला:
काल शेवटचा नंबर घेतला. तो कागद घरीच नव्यानं भरून नेला होता. आधी १७ गुण होते, आता ११. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ बघत बसले. "अजून उतरायला पायजे होतं. मी मधे विचारायला हवं होतं." रात्रीची गोळी अर्धी केली, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. चिठ्ठी मागायच्या आधीच लिहायला घेतली.

आता सांगा, सीपीआरला केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत किती वेळ जातो? यार्डातून सुट्टी फक्त सौदे संपल्यावरची मिळते.