गप्पांचा कट्टा कुठं जमतो, कसा टिकतो? अनुभव सांगा

लिंबाखाली
रस्ता रुंद करताना सोलापुरातल्या आमच्या गल्लीतल्या लिंबाचा पार गेला. झाड राहिलं. परवा त्याच बुंध्याशी कुणीतरी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या दिसल्या आणि सगळं आठवलं. कारखान्यातून सुटलेला माणूस, वकील, रिक्षावाला, दळणाचा डबा खाली ठेवून थांबलेली काकू, सगळी एका फरशीवर. कडाकडा वाद व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा शेजारी.
आता वर्गणी काढून पार परत बांधायचाय. दगड रचणं सोपं आहे, बोलणं जमणं अवघड. जागा चुकली, वेळ चुकली, चहाच्या पैशाचा घोळ झाला की कट्टा ओस पडतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून तुमच्याकडं जिथं गप्पा खऱ्या रंगतात तिथलं नेमकं सांगा. कशावर बसतात, किती वाजता, किती जण, चहाचं कसं, आणि मोडतं कशानं. लांबलचक आठवणी नंतर कधीतरी. आत्ता कामाचं सांगा.

ओळंबा
गोल पार करू नका. झाडाभोवती गोल केला की प्रत्येकाचं तोंड बाहेर. शेजारच्या दोघांशी बोलता येतं, बाकी सगळे पाठीला पाठ. काटकोनात दोन बाजू करा, एक ८ फुटी, एक ६ फुटी, कोपऱ्यात झाड. आठ माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात.
उंची फरशीसकट १७ इंच. गवंडी सवयीनं दोन फूट करून ठेवतो, मग आजोबांचे पाय लोंबकळतात आणि पाच मिनिटांत मुंग्या येतात. बैठक मात्र दोन फूट रुंद पाहिजे, मांडी घालता आली पाहिजे. वर शहाबादी, पॉलिश न केलेली. काळा कडप्पा लई तापतो आणि उशिरा निवतो. गुळगुळीत टाइल पावसात घसरते. पुढच्या बाजूला अर्धा इंच उतार द्या म्हणजे पाणी साचणार नाही. फरशीची कड घासून गोल करून घ्या, नाहीतर मांडीच्या मागं रुतते.
आणि बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी. हे चुकवू नका. मुळाशी सिमेंट गेलं की पाणी मुरत नाही आणि झाड शेंड्याकडून वाळायला लागतं.

साखरपेठेतली
झाड राहिलं हे लई बरं झालं. सावली असली की माणसं येतातच.

कन्ना_चौक
वेळेचं सांगतो. थंडीत रात्री साडेसात ते नऊ. उन्हाळ्यात नऊच्या आधी कोण बाहेर पडत नाही, मग साडेअकरापर्यंत बसतात. एप्रिल-मेमध्ये फरशी सहा वाजता हात लावून बघा, भाजते. साडेसहाला एक बादली मारायची, ती बघता बघता वाळते. पंधरा मिनिटांनी दुसरी. तासा-दीड तासात बसायजोगी होते. भांडी विसळलेलं पाणी चालतं, त्यासाठी चांगलं पाणी घालवू नका.

नळकरी
@कन्ना_चौक मुद्द्याचं राहिलं की. आपल्याकडं नळ रोज येत नाही. ज्या रात्री पाणी सुटतं त्या रात्री कट्ट्यावर चिटपाखरू नसतं, सगळे मोटार आणि पिंपाजवळ. काही ठरवायचं असलं, गणपतीची बैठक वगैरे, तर पाण्याचा दिवस बघून तारीख घ्या. आमच्या भागात उद्या आहे, रात्री साडेदहाला. कुणाला माहीत नसलं तर.

साखरपेठेतली
@नळकरी उद्या ना? मला परवा वाटलं. बरं झालं सांगितलंत.

धोटा_कांडी
मागावरच्या माणसांचं वेगळं असतं. कारखान्यात माग चालू असताना कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. ओठ बघून बोलणं कळतं, बाकी हातवारे. त्यामुळं सुट्टीत बाहेर आलं की पहिली दहा मिनिटं सगळे मोठ्यानं बोलतात, कान जाग्यावर यायला वेळ लागतो. नवख्याला वाटतं भांडण पेटलं. म्हणून अशा माणसांचा कट्टा कुणाच्या खिडकीखाली नको. रात्रपाळी करून झोपलेला माणूस उठून बाहेर आला की मग खरंच भांडण होतं.
भाषेचं म्हणाल तर वाक्य मराठीत सुरू होतं, हिशेब तेलुगूत, टोमणा कन्नडमध्ये, शेर उर्दूत. कुणी तेलुगूत ‘एम संगती’, म्हणजे काय खबर, विचारलं की उत्तर ‘काय नाही बे’ येतं. एक गोष्ट चांगल्या कट्ट्यावर आपोआप पाळली जाते: ज्याला भाषा कळली नाही त्याला शेजारचा तोच विनोद पुन्हा सांगतो, आणि सगळे दुसऱ्यांदा हसतात. हे होत नसेल तर महिन्याभरात भाषेप्रमाणं चार घोळके पडतात.

घरकुलची_सून
बायकांच्या बसण्याला पार लागत नाही हो. उंबरा आणि भिंतीचा आडोसा पुरतो. आमच्या घरकुल वसाहतीत विड्या वळायला पाच-सहा जणी एकत्र बसतात. आडोसा का, तर पानं आधी भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेली असतात. वारा लागला की कोरडी पडतात आणि वळताना फाटतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. हात चालू, डोळे सुपात, तोंड मोकळं. डोळ्याला डोळा न भिडवता बोलायचं असतं म्हणून तिथं अशा गोष्टी निघतात, ज्या समोर बसून कुणी विचारल्या तर तोंडातून येणार नाहीत. सासरचं, औषधाचं, पोरीच्या शाळेचं.
२५ विड्यांचा एक कट्टा, असे ४० झाले की हजार. बोलण्याच्या नादात मोजणी चुकते आणि कमी भरलं तर कंपनीत परत करतात. म्हणून कट्टा बांधायला घेतला की सगळ्या गप्प. दोरा ओढला, गाठ मारली की गोष्ट जिथं थांबली तिथून पुढं.

काठीमागं
@घरकुलची_सून विडीचा पण कट्टा आणि बसायचा पण कट्टा, हे कधी एकत्र डोक्यातच आलं नव्हतं.

काठीमागं
कट्ट्यावरून आठवलं. सोलापुरात कट्टा म्हटलं की पहिला संमती कट्टा. सिद्धेश्वराच्या देवळाजवळ. भोगीच्या दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, तिथं येतात, आधी सिद्धेश्वरांच्या लग्नाची संमती वाचली जाते आणि मग ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं की चारी बाजूंनी अक्षता पडतात. आधी शब्द, मग अक्षता. ज्यांना बघायचंय त्यांनी लवकर जाऊन तलावाच्या बाजूला उभं राहावं, नंतर पाय ठेवायला जागा राहत नाही. संक्रांतीनंतर होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, फिरताना पाय दुखले की जिथं जागा मिळेल तिथं माणसं टेकतात, आणि शेजारी कोण गाव कुठलं न विचारता बोलणं सुरू होतं.

अर्धा_अर्धा
चहाचं मी सांगतो. वीस जणांना अर्धा अर्धा कप, म्हणजे माणशी ८० मिली धरा. पाणी ८०० मिली, दूध १ लिटर, साखर १५० ग्रॅम, चहा पावडर ४० ग्रॅम, आलं दोन बोटं. आलं ठेचून आधी पाण्यात साखरेबरोबर खळखळ उकळू द्या, मग पावडर, तीन मिनिटं, मग गरम केलेलं दूध. कच्चं आलं थेट दुधात टाकलं की चहा फुटतो, आणि लोक दूधवाल्याला बोल लावतात. पावडर टाकल्यावर दहा मिनिटं उकळत ठेवला तर तुरट होतो. थर्मासमध्ये गाळून भरा, पावडरीसकट नको.
ज्यांना साखर चालत नाही ते गप्प बसून नको म्हणतात. त्यांच्यासाठी दोन कप बिनसाखरेचा वेगळा करा, न विचारता. मग ती माणसं रोज येतात.

दत्त_चौकातला
@अर्धा_अर्धा शेवटची ओळ लाखाची. वडिलांसाठी लिहून घेतली.

अर्धा_अर्धा
@दत्त_चौकातला त्यांना आलं जरा जास्त घाला, गोडाची आठवण कमी येते.

हिशेबवाली
आता पैशाचं. सगळ्यात जास्त कट्टे इथं मोडतात. रोज एकानं सगळ्यांचा चहा द्यायचा ही पाळी पाच जणांपर्यंत चालते. दहा झाले की ज्याची पाळी तो त्या दिवशी येत नाही. खिशात नसतं हो, आणि सांगायची लाज वाटते. मग दुसऱ्या दिवशीही येत नाही. उपाय म्हणजे झाकणाला भोक पाडलेला डबा. ज्याला जमेल तेवढं टाकायचं, किती टाकलं ते कुणाला दिसू नये. महिन्याला दोघांनी मिळून उघडायचा. कमी पडलं तर चहा आठवड्यातून चार दिवस. वही ठेवू नका, वहीत नाव लागलं की माणूस तुटतो.
उसनवारी तर कट्ट्यावर अजिबात नको.
बायकांची भिशी वेगळी, तिथं वही पाहिजेच. १५ जणी, महिना ५००, म्हणजे ७५०० ची चिठ्ठी. जिला लागली तिचं नाव पुढच्या चिठ्ठ्यांतून वगळायचं. घोळ होतो तो असा, की पहिल्या दोन-तीन महिन्यांत जिला लागते ती पुढं हप्ता लांबवते. म्हणून नवीन आलेलीचं नाव पहिल्या चार चिठ्ठ्यांत धरत नाहीत, हे तिला आधीच सांगायचं. आणि पैसे मोजून झाल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही. एकदा शेंगाचटणी बाहेर आली की मोजणी राहते बाजूला.

साखरपेठेतली
शेंगाचटणीचं नाव काढलंत म्हणून विचारते, मिक्सरमध्ये गोळा होतो माझा. काय चुकतं?

हिशेबवाली
@साखरपेठेतली शेंगदाणे गरम असताना वाटता बहुतेक. मंद आचेवर वीस मिनिटं भाजा, पूर्ण गार करा, सालं काढा. पाव किलोला लसूण १२ पाकळ्या, तिखट दोन मोठे चमचे, जिरं एक चमचा, मीठ. मिक्सर सलग फिरवू नका, थांबून थांबून तीन-चार झटके. खलबत्ता असला तर प्रश्नच नाही, कुटून तेल सुटलं की मूठ वळते आणि तरी मोकळी राहते. कडक भाकरीबरोबर प्रवासाला न्या, आठवडाभर काही होत नाही.

आगटी
चटणी निघाली तर हुरडा राहू नये 🙂 थंडीतला सगळ्यात भारी कट्टा शेतात. दीड फूट रुंद, फूटभर खोल खड्डा, गोवऱ्या पेटवून धूर संपेपर्यंत जळू द्यायच्या. निखारे राखेखाली गेले की कणसं खुपसायची. ज्वाळेत टाकली तर वरून करपतात आणि आतून कच्ची. माणशी चार-पाच कणसं धरा. दाणा चिमटीत दाबला की दूध येतं तो कोवळा, घट्ट चिकट आला की नेमका, कडक लागला की हुरड्याचा दिवस गेला. चोळणारा एकच, खाणारे सगळे, आणि हुरडा गरम असतानाच खायचा असल्यानं कुणी उठत नाही. गोल बसणं तिथं बरोबर, कारण सगळ्यांची तोंडं आगटीकडं. @ओळंबा हे तुमच्या पाराच्या उलटं आहे बघा.

ओळंबा
@आगटी बरोबर. मधी काय आहे त्यावर आहे सगळं. मधी विस्तव असला की गोल चालतं. खोड असलं की नाही.

पेपर_पहिला
दोन गोष्टी. पेपर एकच घ्या आणि पानं सुटी करून वाटा. प्रत्येकाला दुसऱ्याचं पान लागतं, त्यातून बोलणं निघतं. चार पेपर घेतले की चार जण तोंड झाकून बसतात.
दुसरं, ज्याला कमी ऐकू येतं त्याला कोपऱ्यात, भिंतीकडं पाठ करून बसवा. मागून रस्त्याचा आवाज येत नाही आणि सगळ्यांचे ओठ दिसतात. दिवा त्याच्या डोळ्यावर नको, बोलणाऱ्यांच्या तोंडावर पडू दे. डोक्यावर अजिबात लावू नका, पावसाळ्यात चहात किडे. सहा-सात फूट लांब खांबावर लावा.
बारा जण झाले की दोन घोळके पडतात. पडू द्यावेत. ओढून एक करायला गेलं की भाषण सुरू होतं.

कन्ना_चौक
निवडणुकीच्या दिवसांत काय करता? आमच्याकडं दरवेळी दोघं-तिघं कमी होतात.

पेपर_पहिला
@कन्ना_चौक उमेदवारावर हवं ते बोलू द्यावं. समोरच्याच्या घरावर, जातीवर गाडी गेली की वयानं मोठा असेल त्यानं तिथंच थांबवायचं, दुसऱ्या दिवशी नाही. आणि जो रुसून गेला त्याच्या घरी आठवड्याच्या आत एकानं जायचं, ज्याच्याशी वाद झाला त्यानंच. निरोप पाठवून माणूस परत येत नाही.

लिंबाखाली
सगळं उतरवून घेतोय. काटकोन ठरला, डबा ठरला. एकच अडचण. एक जण म्हणतोय फरशीचा सगळा खर्च मी देतो, फक्त नावाची पाटी लावा. गल्लीत निम्मे हो म्हणतात, पैसे वाचतील म्हणून.

हिशेबवाली
नको. पाटी लागली की पार त्या माणसाचा होतो. त्याच्याशी ज्यांचं पटत नाही ते पाय ठेवत नाहीत, आणि त्यांच्या बायका-पोरंही नाहीत. प्रत्येक घरानं १०० द्या, ज्याला जमत नाही त्यानं रविवारी विटा उचला. हात लागला की पार त्याचाही.

धोटा_कांडी
पाटीला माझाही नकार. त्या जागी पाण्याचा माठ ठेवा, झाकण आणि ओगराळं साखळीला बांधून. ओगराळं वाकडं घेऊ नका, सरळ दांड्याचं घ्या.

ओळंबा
खर्चाचं बघतो. १४ फुटांना शहाबादी लई लागत नाही, तुटक्या फरश्यांत भागेल, फक्त जाडी एकसारखी निवडा. काम झाल्यावर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा आणि तोवर कुणाला बसू देऊ नका, कोवळ्या सांध्यात फरशी हलली की कायम डुगडुगते. त्या दोन खुर्च्या आठवडाभर उचलू नका. आणखी दोन टाका, काटकोनात.